नाकात नळी, बाटलीत बुडबुडे : कमी दिवसांचं बाळ आणि सीपॅप

तुळजापूर_नाका

लेकीचं वजन परवा अडीच किलो भरलं. तोवर लिहायला हात धजत नव्हता. दृष्टबिष्ट मी मानत नाही, पण त्या दिवसांत काय काय मानायला लागलो होतो ते माझं मलाच ठाऊक.

तीस आठवडे आणि वर दोन दिवस, एवढ्यावर ती जन्मली. वजन १२६० ग्रॅम. बायकोचं बीपी एकाएकी चढलं, पायावर सूज, डोळ्यांपुढे काजवे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या मॅडमनी एक इंजेक्शन तिथंच टोचलं आणि म्हणाल्या, "सोलापूर गाठा, थांबू नका." १०८ मध्ये बसल्यावर मी सोबतच्या डॉक्टरांना विचारलं, ते बीपीचं होतं का? म्हणाले, "नाही, बाळाच्या फुप्फुसासाठी." आईच्या दंडात टोचलेलं इंजेक्शन बाळाच्या फुप्फुसासाठी कसं, हे विचारायचं त्राण नव्हतं. दुसरा डोस सोलापुरात मिळाला. तिसऱ्याची वेळ यायच्या आत सिझर करावं लागलं.

रडली ती. मांजराच्या पिलाएवढ्या आवाजात, पण रडली. मग तासाभरात काचेपलीकडून एक आवाज यायला लागला. प्रत्येक श्वास सोडताना "ह्ं… ह्ं…". माझी आई म्हणाली, "बघ, हुंकार देतेय." मलाही बरं वाटलं. तेवढ्यात सिस्टरनं मान वर केली, दुपटं बाजूला सारलं, आणि मला पहिल्यांदा ती छाती दिसली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. नाकपुड्या फुललेल्या. पोट उडत होतं. तो हुंकार नव्हता, कण्हणं होतं.

डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी जे सांगितलं ते जमेल तसं लिहितो. दुधाची रिकामी पिशवी धुऊन ठेवली की आतल्या दोन्ही ओल्या बाजू एकमेकींना चिकटतात, फुंकर मारून उघडायला जोर लागतो. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या अशाच आतून ओल्या असतात. आपल्या चिकटत नाहीत, कारण आत साबणासारखा एक पातळ थर असतो, सर्फॅक्टंट. पोटातलं बाळ तो साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास बनवायला घेतं आणि पुरेसा साठा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. आमच्या लेकीकडे साठा नव्हता. प्रत्येक श्वास सोडला की पिशव्या मिटायच्या आणि पुढच्या श्वासाला पुन्हा शून्यापासून उघडायच्या. मिनिटाला सत्तर वेळा. १२६० ग्रॅमच्या जिवानं.

त्यांनी तिच्या नाकात दोन आखूड मऊ नळ्या बसवल्या, डोक्याला टोपी, टोपीला त्या नळ्या बांधलेल्या. एका बाजूनं कोमट, दमट हवा आणि हवा तेवढाच ऑक्सिजन आत. दुसऱ्या बाजूची नळी पाण्याच्या बाटलीत, बरोबर पाच सेंटिमीटर बुडवलेली. त्यातून बुडबुडे. बस, एवढंच. यालाच सीपॅप म्हणतात, म्हणजे नाकातून सतत हलका दाब.

खरं सांगतो, मला फसवल्यासारखं वाटलं. मी सोलापूरपर्यंत आलो ते मोठ्या मशीनसाठी, आणि इथं पाण्याची बाटली! मी हात जोडून म्हणालो, "डॉक्टर, पैशाचं बघू नका, व्हेंटिलेटर लावा." ते म्हणाले, "श्वास तीच घेतेय हो. तिच्या हातातलं काम आपण काढून घ्यायचं नाही. पिशव्या मिटू द्यायच्या नाहीत, एवढंच आपलं काम."

पहिल्या रात्री आत सोडायच्या हवेतल्या ऑक्सिजनचा आकडा चाळीस टक्क्यांवर न्यावा लागला तेव्हा त्यांनी सर्फॅक्टंटचं औषध दिलं. शेवयासारख्या बारीक नळीनं थेट श्वासनलिकेत, आणि नळी लगेच काढून घेतली. नाकातल्या नळ्या तशाच चालू. हे औषध गुरांच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढतात असं नंतर कळलं. घरात आमच्या सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सकाळी आकडा पंचविसावर होता.

अकरा दिवस ती त्या बाटलीवर होती. बाहेरच्या बाकावर बसून मला त्या गुडगुडीची इतकी सवय झाली की दार उघडलं की आधी कान तिकडे जायचे. चुलीवर भात रटरटतो ना, तसा आवाज. तिसऱ्या रात्री आत गेलो तर आवाज नाही. पाणी स्तब्ध. लेक शांत झोपलेली, आणि मी दारातच गोठलो. सिस्टर आल्या, तिची हनुवटी एका बोटानं हलकेच वर केली, तोंड मिटलं, नाकातली नळी नीट बसवली. गुडगुड सुरू. "तोंड उघडलं की हवा तिथून पळते, दादा," असं म्हणून पुढच्या बाळाकडे गेल्यासुद्धा.

बाकीचं पुन्हा कधी. इथल्या जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. हे मशीन म्हणजे धाकटा व्हेंटिलेटर, असा माझा जो समज होता तो इतर आईबापांचा तरी नसावा, म्हणून हा धागा.

---

पारिजात_७

वाचताना डोळे भरून आले. लेकीला खूप आशीर्वाद. नाव काय ठेवलं?

---

ठोकळेबाज

अभिनंदन. पण एक शंका, राग मानू नका. व्हेंटिलेटर रिकामा नसतो, म्हणून पालकांना "हेच चांगलं" सांगतात असं तर नाही? आपल्याकडे जे उपलब्ध असतं तेच उत्तम ठरतं, हा अनुभव आहे. अमेरिकेत बाटलीत नळी बुडवून ठेवतात का?

---

स्टेथो_खुंटीवर

ठोकळेबाज, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर "हो, ठेवतात" असं आहे. बाटलीची पद्धत गाजली तीच मुळी न्यूयॉर्कमधून. कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वुंग हे वर्षानुवर्षं कमी दिवसांच्या बाळांना नाकातून बुडबुड्यांचा दाब देत आणि व्हेंटिलेटर शक्य तितका टाळत. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या आठ केंद्रांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा जुनाट फुप्फुसविकार सर्वांत कमी त्यांच्याकडे निघाला. मी तेव्हा शिकत होतो. आमच्या सरांनी तो लेख वॉर्डात आणून सगळ्यांना वाचायला लावला होता.

थोडं मागं जातो. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की या बाळांच्या फुप्फुसात तो साबणासारखा थर कमी असतो. कारण कळलं, उपाय नव्हता. चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेचौतीस आठवड्यांचा जन्मला, वजन दोन किलोच्या वर. बॉस्टनला नेऊन जास्त दाबाच्या प्राणवायूच्या कोठडीत ठेवून पाहिलं. एकोणचाळीस तासांत गेला. आज चौतीस आठवड्यांचं बाळ कण्हायला लागलं तर आम्ही नळ्या लावतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत काढतो.

मधला दुवा सॅन फ्रान्सिस्कोचे भूलतज्ज्ञ जॉर्ज ग्रेगरी. धागाकर्त्यानं ज्या कण्हण्याबद्दल लिहिलंय ना, गंमत त्यातच आहे. बाळ कण्हतं म्हणजे श्वास सोडताना कंठ अर्धवट मिटून घेतं, म्हणजे थोडी हवा आत अडून राहते आणि पिशव्या पूर्ण मिटत नाहीत. ते दुखणं नव्हे, बाळाचा स्वतःचाच उपाय. अशा बाळाच्या घशात नळी घातली की कंठ मिटता येत नाही आणि प्राणवायूची पातळी उलट घसरते, हे तेव्हा दिसून आलं होतं. ग्रेगरींनी ठरवलं, बाळ जे करू पाहतंय ते आपण बाहेरून करून द्यावं. १९७१ मध्ये त्यांनी २० बाळांची हकीगत छापली. १६ जगली. त्यांनी दाब दिला तो बहुतेकांना घशातल्या नळीतूनच, काहींना डोक्याभोवतीच्या पेटीतून. नाकातल्या आखूड नळ्या एकदोन वर्षांत आल्या.

आता व्हेंटिलेटर. तो वाईट नाही. श्वास घ्यायलाच विसरणाऱ्या, थकलेल्या बाळाला तोच वाचवतो. पण घशात नळी घालून कोवळ्या फुप्फुसात हवा लोटली की ते ताणलं जातं, आणि त्याची खूण महिनोन्महिने राहू शकते. पुढची बाजूही सांगतो, नाहीतर मी प्रचारक ठरेन. २००८ मध्ये २५ ते २८ आठवड्यांच्या ६१० बाळांवरचा मोठा अभ्यास आला. सीपॅपनं सुरुवात केलेल्या गटात जवळजवळ निम्म्या बाळांना पहिल्या पाच दिवसांत शेवटी घशात नळी घालावीच लागली, आणि फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचं प्रमाण ९ टक्के होतं, सुरुवातीलाच घशात नळी घातलेल्या दुसऱ्या गटात ३. म्हणजे ही फुकटची गोष्ट नाही. तरीही त्या पाच दिवसांत निम्म्यांहून अधिक इवल्याशा बाळांची ती नळी टळली, हेही त्याच अभ्यासात आहे. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनाही अशा बाळांसाठी सीपॅपचीच शिफारस करते.

---

पंपवाला

वैद्यकातलं काही कळत नाही, पण बाटली आवडली. नळी पाण्यात पाच सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे हवेला बाहेर पडायचं तर पाच सेंटिमीटर पाण्याचा दाब मोडावा लागणार. त्याहून जास्त दाब झाला की बुडबुडा. हा कुकरच्या शिट्टीचाच बंधू, फक्त बिघडायला आत काही नाही. ना स्प्रिंग, ना सेन्सर, ना बॅटरी. आणि दाब किती? वातावरणाच्या दाबाचा सुमारे दोनशेवा हिस्सा! एवढ्याशा टेकूवर फुप्फुस उघडं राहतं हे वाचून थक्क झालो.

शंका: बाटलीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं तर दाब घटेल ना?

---

रातपाळी

पंपवाला दादा, घटेल. आणि नळीत साचलेलं पाणी बाटलीत उतरलं तर वाढेलही. म्हणून पातळी बघायची, दर राउंडला. दमट हवा थंड नळीत आली की आत पाणी धरतं, ते काढलं नाही तर सगळा घोळ. मी एकोणीस वर्षं नवजात कक्षात आहे, म्हणून जरा लांबण लावते.

सगळे बाटलीचं कौतुक करतायत. बाटली पन्नास रुपयांत करता येईल हो. पण रात्री तीन वाजता एका सिस्टरकडे सहा बाळं असतील तर ती बाटली काय करणार? नळ्या घसरतात. बाळ हात मारतं, तोंड उघडतं, टोपी वर सरकते. टोपी सैल असेल तर नळ्या हलतात, म्हणून कुणीतरी घट्ट ओढून बांधतं, आणि मग नाकाचा मधला पडदा दाबला जातो. नळ्या आणि पडदा यांच्यामध्ये फट दिसलीच पाहिजे. आम्ही नव्या मुलींना सांगतो, तुझ्या नाकात पेन्सिल दोन तास दाबून ठेव, मग बाळाला बांध. एक पाळी नळ्या, एक पाळी छोटा मास्क, असं आलटून पालटून करायचं, म्हणजे एकाच जागी भार येत नाही.

दुसरं पोट. हवा थोडी पोटातही जाते. पोट टम्म फुगतं, आईबाप घाबरतात. म्हणून तोंडातून एक बारीक नळी पोटात घालून तिचं टोक उघडं ठेवतो, हवा निघून जाते. त्याच नळीतून दूध. हो, सीपॅपवर दूध देता येतं, एकेक मिली का होईना. आईचं नाही आलं तर दूधपेढीचं. आशियातली पहिली दूधपेढी आपल्या मुंबईतल्या शीवच्या रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या हातून. तिथं शिकलेल्या सिस्टरांनी आम्हाला शिकवलं.

तिसरं, छातीशी धरणं. नळ्या लावलेल्या बाळालाही आईच्या उघड्या छातीशी देता येतं. दोन माणसं लागतात, एक बाळ उचलायला, एक नळ्या सांभाळायला. बाबालाही देता येतं. धागाकर्ते, तुम्ही घेतलं होतं का?

---

तुळजापूर_नाका

घेतलं. सातव्या दिवशी. शर्टाची बटणं काढून खुर्चीत बसवलं मला आणि छातीवर ठेवली. वजन जाणवलंच नाही, फक्त ऊब आणि त्या नळीची थरथर. बुडबुड्यांनी तिची छाती बारीक थरथरते, ते माझ्या छातीला कळत होतं. चाळीस मिनिटं हललो नाही. पायाला मुंग्या आल्या, नाकाला खाज, पण हललो नाही.

एक राहिलंच. तिला रोज कॉफी देत होते! चार्टवर कॅफीन वाचून मी सिस्टरला म्हणालो, चुकून दुसऱ्याचा कागद लागलाय का?

---

स्टेथो_खुंटीवर

चूक नाही. ही बाळं मधूनच श्वास घ्यायला विसरतात, मेंदूतलं ते केंद्र अजून कच्चं असतं. कॅफीन त्याला जागं ठेवतं. सीपॅपवर टिकणाऱ्या बाळांमागे या औषधाचा मोठा हात आहे.

आणि तालुक्याच्या मॅडमना पेढे द्या. ते पहिलं इंजेक्शन स्टिरॉइडचं. आईच्या रक्तातून बाळाकडे जातं आणि फुप्फुस पिकायला घाई करतं. न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हावी यांनी १९७२ मध्ये ते दाखवून दिलं. सुरुवात मेंढ्यांच्या कोकरांवरच्या प्रयोगांतून झाली होती. आपल्याकडे डेक्सामेथासोनचे बारा-बारा तासांनी चार डोस देतात. दोनच मिळाले तरी उपयोग होतो. "मोठ्या दवाखान्यात गेल्यावर देतील" म्हणून पहिला डोस राहून गेलेली बाळं मी फार पाहिली आहेत.

---

आजी_ऑनलाइन

आमच्या वेळी म्हणायचे, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. माझी नणंद सातमाशी. कापसात गुंडाळून, शेगडीशेजारी टोपलीत ठेवून वाढवली. ब्याऐंशी वर्षं जगली आणि शेवटपर्यंत सगळ्यांना धारेवर धरून होती. डॉक्टर, या म्हणण्यात काही तथ्य?

---

स्टेथो_खुंटीवर

आजी, नणंदबाईंना नमस्कार! तथ्य नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच. पण हे म्हणणं निरुपद्रवी नाही बरं. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला "हे नाहीच राहायचं" म्हणून घरी न्यायला निघालेले आजोबा मी जिन्यात अडवले आहेत. नेमकी तीच बाळं सीपॅपवर झटकन सुधारतात.

---

पारिजात_७

मी आधी लिहिणार नव्हते. रातपाळी ताईंनी नाकाच्या पडद्याचं लिहिलं म्हणून लिहिते. माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे, २८ आठवड्यांचा होता. पंधरा दिवस नळ्या होत्या. नाकाखाली काळपट डाग दिसला तेव्हा मी विचारलं, उत्तर मिळालं, "मशीन काढू का मग?" मी गप्प बसले. पडद्याचा तुकडा गेला. एक नाकपुडी दुसरीपेक्षा मोठी आहे, पुढे शस्त्रक्रिया करू म्हणतात. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्याच लोकांनी त्याला जगवलंही आहे. रोज त्याचं नाक पुसताना मला दोन्ही आठवतं.

---

रातपाळी

पारिजात, असं उत्तर द्यायला नको होतं. विचारायचा तुमचा हक्कच होता. आईची नजर आमच्यापेक्षा जास्त वेळ त्या चेहऱ्यावर असते. आमच्या कक्षात आता आईलाच दाखवून ठेवतो, ही फट बघत राहा, दिसेनाशी झाली की हाक मारा.

आणि डोळे तपासले ना? ३४ आठवड्यांच्या आतली किंवा दोन किलोच्या खालची सगळी बाळं, जन्मापासून महिन्याच्या आत डोळ्यातल्या पडद्याची तपासणी. अगदी लहान असतील तर त्याहून आधी. ऑक्सिजन जास्त झाला तर डोळ्यांना धोका, म्हणून मॉनिटरवर बाळाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० ते ९५ बघतो. १०० दिसलं की पालक खूश होतात आणि आम्ही ऑक्सिजन कमी करायला धावतो.

---

ठोकळेबाज

शब्द मागे घेतो. खर्चाचं कुणी लिहील का?

---

तुळजापूर_नाका

मी खाजगीत होतो. आकडा लिहीत नाही, बायको इथं वाचते. पण दुसऱ्या दिवशी बाकावरच्या एका काकांनी सांगितलं म्हणून आरोग्यमित्राला गाठलं आणि फुले योजनेत बरंचसं बसलं. ॲडमिट झाल्या दिवशीच भेटा, नंतर कागद जमवताना दमछाक होते. सरकारीमध्ये आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत, तेही आधी विचारून घ्या.

@पारिजात, नाव "ओवी" ठेवलंय. आणि तुमच्या मुलाला माझा रामराम.

---

नवा_बाप_लातूर

नमस्कार. आजच सभासद झालो. आत्ता रात्रीचे दोन वाजलेत, कक्षाबाहेर बसलोय. मुलगा, ३१ आठवडे, १४०० ग्रॅम, संध्याकाळी हेच लावलंय. धागा दोनदा वाचला. सिस्टरनी सकाळी सुती टोप्या आणायला सांगितल्या, माप काय सांगू दुकानात? आणि पोट फुगलेलं दिसतंय, सांगू का त्यांना?

---

रातपाळी

पोटाचं आत्ताच सांगा, सकाळची वाट बघू नका. "तोंडातल्या नळीचं टोक उघडं आहे का" एवढंच विचारा. रागावणार नाहीत, रागावल्या तरी चालेल.

टोपी सगळ्यात लहान मापाची, बिनशिवणीची मिळाली तर बरं. लोकरीची नको, गोंडा नको. चार टोप्या आणा.

---

नवा_बाप_लातूर

सांगितलं. नळी मुडपली होती, सरळ केली. पोट उतरलंय. बाहेर येताना बाटलीचा आवाज ऐकला.

टोप्या तीनच मिळाल्या. दुकानदाराला माप कळेना, शेवटी शेजारच्या गाड्यावरून एक मोसंबं उचलून दाखवलं.